फाँट, टंक की वळण?

प्रश्न : नौपाड्यातल्या एका फराळवाल्यांच्या दिवाळीच्या जाहिरातीचं मराठी तपासत होते. मजकूर चोख, पण 'आजीच्या हातची भाजणीची चकली' ही ओळ बारीक, काटकोनी अक्षरांत, शिरोरेखाही उडवलेली. बँकेच्या व्याजदराची पाटी वाटावी! डिझायनरना म्हटलं, "फाँट बदला." त्यांनी अक्षरं मोठी करून पाठवली. टाइपफेसला नेमका मराठी शब्द कोणता? 'टंक' चालेल?

प्रतिसाद : डिझायनरचं अगदीच चुकलं नाही. 'फाँट'चं मूळ धातू ओतण्याशी आहे. एका मापाच्या, एका घडणीच्या ओतीव अक्षरांचा संच म्हणजे फाँट. माप बदललं की फाँट बदलला, असाच छापखान्याचा हिशेब होता. सगळ्या मापांत जी घडण कायम राहते, ती टाइपफेस.

'टंक' म्हणजे संस्कृतात छिन्नी, आणि नाणंही. टांकसाळ त्याच घरातली. छापखान्यात मात्र या ओतीव अक्षरांना 'खिळे'च म्हणत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे नावाजलेले होते.

मी 'वळण' म्हणेन. हाताच्या अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावतात. आकार आणि स्वभाव दोन्ही त्या एका शब्दात येतात, आणि जाहिरातीत अक्षर नेमकं स्वभावानेच बोलतं. कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं आठवा. शोकांतिका की फार्स, हे शब्द वाचायच्या आत कळायचं. (ती अर्थात हाताने रेखलेली. टाइपफेसमध्ये 'क' दर वेळी तोच येतो, म्हणून तिथे निवड आणखी जपून करावी लागते.)

गोखले रोडवरून एकदा पाट्या बघत जा. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२मध्ये आला. माप सुधारलं. पण अनेक ठिकाणी इंग्रजी नाव खास घडवलेल्या अक्षरांत आणि शेजारी मराठी नाव संगणकात आयतं मिळालेल्या वळणात. एकाच दुकानाचं नाव दोन परक्या माणसांनी उच्चारल्यासारखं वाटतं, आणि मला ते फार लागतं.

प्रश्नकर्ती : 'वळण गोलसर हवं, शिरोरेखा ठेवा, काना जरा जाड' असं कळवलं. या वेळी माप तेच राहिलं, अक्षर बदललं. चकली आता चकलीसारखी दिसते. संगणकातल्या फाइलीला मात्र मी 'फाँट'च म्हणणार. करारात लिहिताना नुसतं 'वळण' पुरेल, की 'अक्षरवळण' लिहू?

प्रतिसाद : करारात 'अक्षरवळण'. नाहीतर वाचणारा रस्त्याचं वळण समजेल.