मशीन चालू असताना मेंदूला सुट्टी नसते

फिजिओथेरपीत त्वचेवर पॅड लावून सौम्य करंटने स्नायू हलवणारं मशीन वापरतात. 'करंटने स्नायू हलवला की मेंदूला सुट्टी, मग स्नायू आळशी होणारच' असं त्याबद्दल कुणी म्हणालं, ते मला अर्धंच पटलं.

आईचा गुडघा बदलला तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी फिजिओवाली यायची. आई कुरकुरायची, "अगं, मी जोर लावतेय, पण मांडी ऐकतच नाही!" स्नायू शाबूत होता. पण सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे त्याला जाणारी आज्ञाच दबते. मांडीवर दोन चिकट पॅड लावून मशीन चालू केलं की गुडघ्याची वाटी सुर्रकन वर सरकायची, आणि फिजिओवाली लगेच ओरडायची, "बा, हवे तमे पण जोर करो!" (आई, आता तुम्हीही जोर लावा!)

मेख तिथेच आहे. करंट आधी मज्जातंतूला चेतवतो, आणि त्यातून स्नायूकडे आज्ञा जाते तशी मेंदूकडे संवेदनाही जाते. त्याच क्षणी स्वतःचा जोर जोडला तर मेंदूही कामाला लागतो. नुसतं पडून टीव्ही बघितला तर ते आळशी होण्याचं म्हणणं बरंचसं खरं.

आपण होऊन हालचाल करतो तेव्हा मोटर युनिटं (एकेक मज्जापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू) आळीपाळीने राबतात, लहान आधी. मशीन मात्र त्याच त्या युनिटांना एकदम जुंपतं, म्हणून स्नायू लवकर दमतो. आईची मांडी दहा मिनिटांत थरथरायची.

स्वतःचा जोर आणि करंट जोडण्याची कल्पना जुनी आहे: 1961 मध्ये डॉ. लिबरसन यांनी पक्षाघातानंतर लोंबणाऱ्या पावलासाठी, बुटातल्या स्विचवर चालणारं करंटचं उपकरण मांडलं. सरावानंतर काही रुग्ण थोडा वेळ मशीनशिवायही पाऊल उचलू लागले, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं.

(पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावू नका.)