नववीतली मुलगी ‘सायंटिस्ट व्हायचंय’ म्हणते. पुढची वाट नेमकी कशी?

लातूरकर_पालक
मुलगी नववीत, स्टेट बोर्ड, सेमी-इंग्रजी. लहानपणापासून ‘सायंटिस्ट’ चालू आहे, आता त्यात ‘इस्रो’ची भर पडली आहे. आमच्याकडे ज्याला विचारावं तो नीट आणि जेईईचंच सांगतो. अकरावीला विषय कोणते घ्यावेत, बारावीनंतर परीक्षा कोणत्या, आणि आत्ता घरी काय करून घेता येईल? खर्चाचंही सांगा.

तिठा
इस्रो आधी बाजूला काढा. तिथे ‘सायंटिस्ट/इंजिनिअर’ पदावर बहुतेक भरती मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर इंजिनिअरांची होते. डिग्रीला किमान ६५ टक्के, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. दुसरा रस्ता तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीचा (अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था), प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर. रॉकेट बांधायचं असेल तर इंजिनिअरिंग. तारा कसा जळतो हे शोधायचं असेल तर फिजिक्स. ‘सायंटिस्ट’ या एका शब्दात मुलं दोन्ही कोंबतात. तिला विचारून ठेवा, उत्तराची घाई नाही.

शुद्ध विज्ञानासाठी पहिलं नाव आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्था. देशात सात आहेत, त्यांपैकी एक पुण्यात. पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. प्रवेशपरीक्षा आयएटी: ३ तास, ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५, बरोबरला ४, चुकीला उणे १. खुल्या गटाला बारावीत ६० टक्के लागतात, आणि बारावी त्याच किंवा आदल्या वर्षी झालेली हवी. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याचं सीईबीएस या अशाच विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते.

आपल्याकडे गाडी अडते ती विषयनिवडीत. मार्क चांगले पडतात म्हणून मुलं कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल (२०० मार्कांचा व्यावसायिक विषय) घेतात, त्यात बायो सुटतं. अर्ज भरता येतो (चारांपैकी तीन विषय पुरतात), पण ६० पैकी १५ प्रश्न अंधारात सोडवायचे. म्हणून पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही. बोर्डाचं पुस्तक बोर्डापुरतं, आयएटीसाठी एनसीईआरटीची पुस्तकं.

दोलक
घरी काय करायचं, एवढ्यावरच बोलतो. क्लास लावू नका. दोरा, एक जड नट, मीटरपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच द्या आणि सांगा, ‘g (गुरुत्वाचं त्वरण) मोजून दाखव.’

दोरा चौकटीच्या खिळ्याला बांधायचा. लांबी खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत, साधारण १ मीटर. एक झोका (जाऊन परत येईपर्यंत) मोजायचा नाही, २० मोजायचे; सुमारे ४० सेकंद लागतात. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर ४० मध्ये ती अर्धा टक्का होते, एकाच झोक्यात १० टक्के झाली असती. मोजणी झोका टोकाला असताना नाही, मधून जाताना सुरू करायची, कारण तिथे वेग जास्त आणि क्षण नेमका पकडता येतो. मग g = ४π²L/T²; L म्हणजे लांबी, T म्हणजे एका झोक्याचा वेळ.

उत्तर ९.८ येणार नाही. खरा अभ्यास तिथून पुढे. लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली आणि नटाचा मध्य त्याच्या १ सेंमी खाली असला, तर g १ टक्क्याने कमी येतो. झोका मध्यापासून ३० अंशांचा घेतला तर एका फेरीचा वेळ सुमारे १.७ टक्क्याने वाढतो आणि g जवळजवळ ३.४ टक्क्यांनी घटतो. मोजणी सुरू करतानाच ‘एक’ म्हटलं की २० ऐवजी १९ झोके होतात आणि g जवळजवळ अकरा टक्क्यांनी वर जातो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. लांबी ४०, ६०, ८०, १०० सेंमी करत प्रत्येकी पाच वेळा मोजायला लावा आणि T² विरुद्ध L चा आलेख काढून घ्या. रेषा शून्यातून जात नसेल तर लांबी मोजण्यात कायमची गफलत आहे.

वहीत खाडाखोड चालेल, पण रबर नको. नको असलेला आकडा पुसणाऱ्या मुलाला आधी ही सवय मोडावी लागते.

आणि ती नववीत आहे म्हणजे डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं हेच वर्ष. ती फक्त सहावी आणि नववीसाठी असते. लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, म्हणून मला ती बऱ्या स्पर्धांपैकी वाटते. ज्युनिअर सायन्स ऑलिंपियाडची पहिली फेरी नोव्हेंबरात असते. तिला जन्मतारखेची अट आहे, ती आधी बघा.

काटेकोर
खर्चाचं: एमएस्सीपर्यंत घरचा, पीएचडीत उलट पैसे मिळतात. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. खरा खर्च वर्षांचा आहे. बीएस-एमएस ५, पीएचडी ५-६, मग २ ते ४ वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम). कायमची नोकरी तिशी उलटल्यावर. हे आजच सांगून टाका, नाहीतर पंचविसाव्या वर्षी घरातूनच ‘अजून शिकतेयस?’ सुरू होतं.

आयसर हुकलं तर ‘इंजिनिअरिंग करू, मग बघू’ हा सल्ला मला पटत नाही. चार वर्षांत फिजिक्स गंजतं. जवळच्या कॉलेजात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, ही वाट चालू आहे. पण साध्या बीएस्सीत संशोधन दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची फेलोशिप धरायची. अर्ज आदल्या वर्षाअखेरीच भरावे लागतात. उन्हाळा जवळ आला की आठवण होते, तेव्हा ते बंद झालेले असतात.

लातूरकर_पालक
आभार. बायो तिला अजिबात आवडत नाही, तरी पीसीएमबीच?

तिठा
फक्त इंजिनिअरिंग किंवा आयआयएसटी ठरलं असेल तर सोडा. आयसर यादीत असेल तर ठेवा. आयएटीतल्या बायोला पाठांतर लागतंच, पण जेनेटिक्स आणि पेशीचे धडे गणित आवडणाऱ्या मुलांना जमतात. तिला सुरुवात तिथून करू द्या, वनस्पतींचं वर्गीकरण शेवटी.