शिह त्झूच्या काखेतल्या केसांच्या गाठी घरी कशा काढाव्यात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमची शिह त्झू (लांब केसांच्या छोट्या जातीची कुत्री) दीड वर्षाची आहे. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस आल्यापासून फार गुंता होतो. पाठीवर काही त्रास नाही, पण कानांमागे, पट्ट्याखाली आणि काखेत केस अगदी घट्ट गोळा होतात.

रोज आधी स्लिकर ब्रश (बारीक तारांचा ब्रश), मग स्टीलचा कंगवा फिरवते. केसांचे थर करून मुळापासून विंचरते, नाहीतर वरून छान दिसतं आणि आत गाठी तशाच राहतात. गुंता अंघोळीआधीच काढते, कारण भिजल्यावर गाठी आणखी आवळतात. कात्री मात्र लावणार नाही. गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते, कधी कापली जाईल सांगता येत नाही.

खरी अडचण काखेची. कंगवा लागला की ती पाय ओढून घेते, कधी गुरगुरते. तिला दुखतंय हे दिसतं, म्हणून जबरदस्ती करायची नाहीये. तिथले केस क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) बारीक करून टाकावेत का? त्या नाजूक कातडीला कुठलं ब्लेड चालेल? ब्लेड तापतं, तेव्हा मध्ये किती वेळ थांबता? आणि मशीनच्या आवाजाची सवय कशी लावलीत? बंद मशीन नुसतं अंगाला टेकवून खाऊ द्यायचा, अशी सुरुवात करायचा विचार आहे.

गुंता सोडवायचा स्प्रे कोणी वापरलाय का? ती अंग फार चाटते, त्यामुळे पोटात गेला तरी अपाय न करणारा हवा. माणसांचा कंडिशनर कृपया सुचवू नका.