डोंग्याच्या टोकाला दोर ओवायची भोकं पाडायची आहेत, कुठं अन् कशी?

वैनगंगाकाठ
एफआरपीचा, म्हणजे काचतंतूच्या फायबरचा पंधरा फुटी अरुंद डोंगा आहे, दोन्ही टोकं निमुळती. पाणी उतरलं की नदीत खडक उघडे पडतात. तिथं माणसं उतरवून डोंगा काठावरून दोन दोरांनी खाली सोडावा लागतो. दोर सध्या वरच्या कड्यांना बांधतो, पण धार लागली की डोंगा दोराकडं कलंडून पाणी घेतो. खाली भोक पाडून दोर ओवायचा विचार आहे. दोन्ही टोकांत बंद पेट्या आहेत, आत थर्माकोल आहे. पेटीत पाणी शिरलं तं?

फायबरवाला
कलंडणारच जी. धार खालून बुडाला ढकलते, दोर वरच्या कड्याला ओढतो. ओढ पाण्याच्या रेघेजवळ आणली की हा त्रास बराच कमी होतो.

जागा अशी ठरवा: दोर सोडताना जेवढं सामान आत राहतं तेवढं ठेवून डोंगा संथ पाण्यात उभा करा, बाहेरून पाणी जिथवर लागतं तिथं रेघ मारा. रेघेच्या वर 4-5 सेंमी, टोकापासून मागं 8-10 सेंमी. अगदी टोकात नको, तिथं बहुधा पुट्टी भरलेली असते.

नुसतं भोक ठेवू नका, आरपार पाईप टाका. नळाचा जाड अर्धा इंची पीव्हीसी घ्या; वायरिंगचा पातळ पाईप दोराच्या ओढीनं तडकतो. पाईपचा बाहेरचा व्यास मोजा आणि होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) दीड-दोन मिमी मोठा घ्या, म्हणजे चिकटवायच्या रेझिनला जागा राहते.

खरी गोम ड्रिलच्या कोनात आहे. टोकाला बाजू तिरप्या असतात. ड्रिल पृष्ठभागाला काटकोनात धरलं तर दोन भोकं एका रेषेत येत नाहीत, पाईप आत अडतो. ड्रिल डोंग्याच्या मधल्या रेषेला काटकोनात धरा. आधी दोन्हीकडून 4 मिमीचं भोक पाडून सायकलचा आरा आरपार घाला आणि वरून बघा. वाकडा दिसला तर अजून सुधारता येतं. मग मास्किंग टेप लावून होल सॉ बाहेरून चालवा. जोर दिला की जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचे टवके उडतात. थोडंफार चुकलं तर गोल कानस आहेच.

पाईप 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, नाही तर काहीच धरत नाही. चिकटवायला इपॉक्सीच, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं रेझिन. पॉलिएस्टर रेझिन पीव्हीसीला नीट धरत नाही, शिवाय त्यातलं स्टायरीन तुमचा थर्माकोल विरघळवून टाकेल. इपॉक्सीत लाकडाचा चाळलेला भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि भोकाच्या उघड्या कडांनाही चोपडा. कापलेले काचतंतू पाणी ओढतात. उन्हाळ्यात 20-25 ग्रॅमपेक्षा जास्त एकदम कालवू नका, वाटीतच तापून गोठतं. चोवीस तास हलवू नका. मग पाईप दोन्हीकडून सपाट कापा आणि तोंडाची धार गोल घासा, दोर तिथंच झिजतो.

ढिवरटोला
भोक न पाडताही काम होते भाऊ. टोकाजवळ बुडाखालून दोराचा फास घ्या, दोन्ही कड्यांना बांधून ठेवा, लांब दोर बुडाखालच्या गाठीला जोडा. ओढ आणखी खाली येते. पण खडकावर घासून फास लवकर तुटतो, रोजच्या कामाला पाईपच बरा.

दोर पॉलिप्रोपिलीनचा घ्या, तरंगते. नायलॉन बुडून खडकात अडकते. मोकळ्या टोकाला गाठ नको, अन् दोर हाताला गुंडाळू नका. धारेच्या वरच्या अंगाचा दोर ढिला पडला की डोंगा आडवा होते, मंग दोघांनाही आवरत नाही. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडणार असतील त्या दिवशी हे करूच नका.

वैनगंगाकाठ
पेटी गळते का नाही, हे कसं तपासू?

फायबरवाला
पेटीला निचऱ्याचं बूच असेल तर तिथून सायकल पंपानं अगदी हलकी हवा भरा आणि पाईपच्या दोन्ही तोंडांच्या सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथं पुन्हा घासून इपॉक्सी. जोरात हवा भरली तर पेटीचाच सांधा उकलेल. बूच नसेल तर डोंगा तासभर टोकावर वजन ठेवून पाण्यात ठेवा, मग उचलून हलवा. पाणी आत असलं की आवाज येतो.

टाकीवाला
कोणाचा डोंगा काळ्या प्लास्टिकचा, म्हणजे एचडीपीईचा असेल तर वरची इपॉक्सी विसरा, दोन पावसांत सुटेल. तिथं पाण्याच्या टाकीचे रबर वायसरवाले निपल दोन्हीकडून कसून मधे पाईप जोडतात. निपलची कॉलर बाहेर येते आणि खडकाला लागते, म्हणून भोक रेघेच्या आणखी थोडं वर घ्या.