लेथचा स्पिंडल फॉरवर्डला धरत नाही, रिव्हर्स व्यवस्थित – मदत हवी आहे

तीन दिवस या लेथपाशी बसलोय. मशीन थंड असताना काही त्रास नाही. तासाभराने फॉरवर्डचं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा, कॉईलवर चालणारा स्विच) कडकड करतो, मध्येच धरतो, मध्येच सोडतो. रिव्हर्स मात्र एका झटक्यात घेतो.

कंट्रोल 110 व्होल्ट एसी. ट्रान्सफॉर्मरनंतर फ्यूज, इमर्जन्सी, ओव्हरलोड रिलेचे 95-96 (जादा करंटला उघडणारा कॉन्टॅक्ट), चक गार्डचा लिमिट स्विच, स्टॉप बटण. तिथून फॉरवर्ड-रिव्हर्सच्या दोन वाटा फुटतात. रिव्हर्स चालतो म्हणजे स्टॉपपर्यंतची लाइन बरी, असं धरून फॉरवर्डचा कॉन्टॅक्टर नवा टाकला, बटणाचा ब्लॉकही बदलला. काही फरक नाही. सप्लाय बंद करून मीटरने कंटिन्युइटी (लाइन सलग जोडलेली आहे का) पाहिली, सगळीकडे बझर वाजतो. पण बटण दाबून धरलं की ट्रान्सफॉर्मरला 108 व्होल्ट आणि फॉरवर्डच्या ए1-ए2 ला, म्हणजे कॉईलच्या दोन टोकांना, जेमतेम 70-75. मधले व्होल्ट जातात कुठे? ही कडकड अशीच चालली तर नव्या कॉन्टॅक्टरचेही कॉन्टॅक्ट जळतील.

चक गार्डचा स्विच बायपास करून बघ, असं एकाने सुचवलं. ते मी करणार नाही, ऑपरेटरचा हात तिथेच असतो.

प्रतिसाद:
बायपास केला नाहीत ते उत्तम. तुमचा तर्क बरोबर आहे, पण फॉरवर्डच्या वाटेतला एक कॉन्टॅक्ट फॉरवर्डच्या कॉन्टॅक्टरवर नसतोच. इंटरलॉकचा (दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम आत जाऊ नयेत म्हणून ठेवलेला) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला राहणारा कॉन्टॅक्ट, बहुधा 21-22, रिव्हर्सच्या कॉन्टॅक्टरवर असतो आणि तो तुम्ही बदललेला नाही. बझरला अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून काळवंडलेला कॉन्टॅक्टही वाजतो. कॉईल खेचताना मात्र करंट धरून ठेवण्याच्या कितीतरी पट लागतो, तेव्हा तो व्होल्ट खातो. खेचायला 85 टक्के, म्हणजे इथे 93.5 व्होल्ट तरी पोचायला हवेत. फॉरवर्ड दाबलेलं असताना त्या 21-22 च्या दोन टोकांवर एसी व्होल्ट मोजा. कॉन्टॅक्ट चांगला असेल तर जवळपास शून्य येईल. चाचणीपुरताही तिथे जम्पर (थेट जोडणारी तार) लावू नका. दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम आत गेले तर फेजला फेज भिडेल.

दादा, 21-22 वर 42 व्होल्ट आले! ते 21-22 ज्यात आहेत तो रिव्हर्सचा ऑक्झिलरी ब्लॉक बदलला, ए1-ए2 ला आता 107. दुपारपासून मशीन गरम आहे आणि फॉरवर्ड दर वेळी धरतोय. जुना ब्लॉक उघडला तर आत तेलाचा काळा थर. पॅनेलच्या दाराचं रबर एका बाजूने सुटलंय, आता ते बदलायला घेतलंय.