स्ट्राइक पडूनही गुण लगेच का दिसत नाहीत?

प्रश्न (कोथरूड, पुणे): रविवारी भाच्यांसोबत टेनपिन बोलिंग खेळताना माझा स्ट्राइक पडला, तरी फलकावर गुण लगेच आले नाहीत. असे का होते, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर १: पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या की तो स्ट्राइक, त्याच्या १० गुणांत पुढच्या दोन चेंडूंवर पडलेल्या पिनांची भर पडत असल्यामुळे ते टाकून होईपर्यंत बेरीज थांबते. दोन चेंडूंत दहा पिना पाडल्या तर स्पेअर, आणि त्याला पुढच्या एकाच चेंडूची भर मिळते. तरीही नवख्याने आधी स्पेअरचाच सराव करावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २: उजव्या हाताने टाकत असाल, तर चेंडू पहिल्या (सर्वात पुढच्या) आणि तिसऱ्या (तिच्या लगेच मागे उजवीकडच्या) पिनेच्या फटीत, म्हणजे ‘पॉकेट’मध्ये न्यावा, समोरच्या पिनेवर तो सरळ आदळला, तर अनेकदा दूरदूरच्या पिना उभ्या राहतात, ज्याला ‘स्प्लिट’ म्हणतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे ओळीने १२ स्ट्राइकचे ३०० गुण होतात, ते याच हिशेबाने. मनापासून आभार.