नव्या दलालाचं खरं भांडवल म्हणजे खचून न जाणं. पटतं का?

नवा_एजंट_यवतमाळ

राजेहो, रामराम. जमिनीच्या कामात येऊन मला अकरा महिने झाले. आधी तालुक्यात एका कृषी केंद्रात हिशेब लिहायचो. या अकरा महिन्यांत सौदे झाले दोन, फिसकटले सात. तरी माझं मत असं आहे की नव्या माणसानं खचून जाऊ नये, तेवढंच त्याच्या हातात असतं. ओळखी, पैसा, कागदांची समज मागून येते. घरी आणि पानठेल्यावर सगळे मला येड्यात काढतात, म्हणून इथं मांडतो. पटलं नाही तर सरळ बोला.

सातांपैकी तीन सांगतो.

एकात दोन एकराचं गिऱ्हाईक तयार होतं, इसाराची, म्हणजे बयाण्याची, तारीख ठरली होती, आणि सातबाऱ्यावर निघालं भोगवटादार वर्ग २. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. गिऱ्हाईक म्हणालं, परवानगी येईपर्यंत माझा नातू कमावता होईन. दुसऱ्यात मालकाची आणि गिऱ्हाईकाची गाठ मीच घालून दिली, वावर दाखवायला पेट्रोल माझं जळलं, आणि आठ दिवसांनी कळलं की दोघं रात्री परस्पर बसले नि खरेदी करून मोकळे झाले. आता रस्त्यात भेटले की चहा पाजतात.

तिसरा मनातून जात नाही. साडेतीन एकर कोरडवाहू, एकरी ९ लाख. साडेएकतीस लाखांचा सौदा, दोन्हीकडून एक-एक टक्का, म्हणजे ६३ हजार माझे. सातबारा थोरल्या भावाच्या नावानं, पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. गिऱ्हाईकाचा वकील म्हणाला, घरच्या बाकीच्यांची संमती लागेल, बहिणीचीही. भाऊ म्हणाले, ती कुठं जाते, देते सही. खरेदीच्या दिवशी ती पुसदवरून एसटीनं आली आणि नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली. बाजूला म्हातारी, मांडीवर पाण्याची बाटली धरून. नंबर पुकारला तसे आम्ही उठलो. बहीण उठलीच नाही. चपला काढून पाय वर घेतले आणि विचारलं, "माह्या वाट्याले किती येते?"

थोरला म्हणे, घरी बोलू. धाकटा मोबाइल पाहायला लागला. वकील माझ्याकडे पाहतो, मी वकिलाकडे. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, चपला घातल्या आणि चारच्या गाडीनं परत गेली.

त्या रात्री घास उतरला नाही. सकाळी उठून उभ्या वहीत तारीख टाकली, पुढं 'नाही' लिहिलं आणि दुसरं वावर पाहायला गेलो. गिऱ्हाईक असो नसो, मी एकेक वावर पाहत राहतो. धुऱ्यावर उभा राहून विहीर, पांदण रस्ता, शेजारी कोण, लाइट आहे का, सगळं लिहितो. वहीत आज २१४ वावरं आहेत. याला मी पॉझिटिव्ह राहणं म्हणतो. चुकतो का?

जुना_दलाल

चुकतो बाबू. वाईट वाटून घेऊ नको.

तू म्हणतो सौदे फिसकटले. पहिला आणि तिसरा, हे सौदे नव्हतेच. वर्ग २ सातबाऱ्यावर लिहिलेला असते. तो काही लपून बसत नाही. इसाराची तारीख ठरेपर्यंत तुले तो दिसला नाही, याले नशीब म्हणू नको आणि त्यावर हिंमतीचा मलमही लावू नको. मी २६ वर्षांपासून हेच करून राहिलो. वावर पाहायला जायच्या आधी फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वाचतो, आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या साऱ्या जमिनीचा उतारा, पाहतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा का बँकेचा बोजा आहे ते पाहतो. आपल्या विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढतो, कारण जमीन मुळात आली कुठून, सरकारी पट्टा का भूदान, हे तिथं सापडते. मंग गिऱ्हाईक स्वतः कास्तकार आहे का ते विचारतो. विदर्भाले १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागू आहे, बिगरशेतकऱ्याले सरळ शेतजमीन विकता येत नाही. पुण्या-मुंबईचे पैसेवाले 'फार्महाऊस पाहिजे' म्हणत येतात, त्यांच्यासोबत सहा महिने फिरशीन तं वहीत सहा महिने 'नाही'च लिहशीन.

खचून न जाणं भांडवल असतं तं आमच्या गावचे सट्टेवाले करोडपती झाले असते. त्यांच्याएवढी आशा मी कोणाजवळ पाह्यली नाही.

वर्धेची_ताई

काकांचं निम्मं पटतं. निम्म्याला माझा विरोध आहे.

प्रत्येक फिसकटलेला सौदा म्हणजे गृहपाठ राहिला, असं नसतं. माझंच सांगते. सेलू तालुक्याकडचा सव्वा एकराचा गट, कागद स्वच्छ, तुम्ही सांगितलेला अधिकार अभिलेखसुद्धा काढलेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की विदर्भातलं झुडपी जंगल, म्हणजे महसूल नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन, हे वनच समजायचं. शेजारच्या गटावर 'झुडपी जंगल' अशी नोंद होती. माझ्या गटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण गिऱ्हाईकानं पेपर वाचला आणि माझा फोन उचलणं बंद केलं. यात मी कोणता कागद वाचायचा राहिला, काका?

आणि तुमची २६ वर्षं तुमच्या पाठीशी आहेत. तुम्ही टपरीवर बसलात की चार माणसं आपणहून वावराची गोष्ट काढतात. मी तिथं बसू शकत नाही. मला पहिलं वर्ष लोक 'मॅडम, साहेब कुठं आहेत?' असंच विचारायचे. महारेराचं, म्हणजे घरं-प्लॉटच्या व्यवहारांवरच्या सरकारी प्राधिकरणाचं, वीस तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, १० हजार भरून नोंदणी केली, प्रमाणपत्र घरात लावलं, तरी साहेब कुठं आहेत. (शेतजमिनीला त्या नोंदणीची गरज नसते. ले-आउटमधले प्लॉट विकायचे म्हणून मी केली.) त्या वर्षी मी टिकले ती कागदांमुळे नाही. बचत गटातल्या बाया दर महिन्याला विचारायच्या, 'झालं का वं काही?' आणि मला 'होईल' म्हणावं लागायचं. म्हणता म्हणता झालं. पहिला प्लॉट त्यांच्यातल्याच एकीच्या भावानं घेतला.

आता_सेतूवाला

मी चौदा महिने केलं आणि सोडलं. आता आपले सरकार केंद्र चालवतो, उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर वगैरे. त्यामुळे 'हरलेला' म्हणून ऐका पाहिजे तर.

हा 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. नागपूरच्या एका प्लॉटिंगवाल्याकडे मी 'असोसिएट' होतो. पगार नाही, फक्त कमिशन. रविवारी सकाळी नऊला हॉलमध्ये बोलवायचे, आधी टाळ्या, मग 'मी करू शकतो' तीनदा मोठ्यानं, मग एक जण स्टेजवर येऊन आपण कार कशी घेतली ते सांगायचा. आम्ही तीसेक जण होतो. पहिले प्लॉट सगळ्यांनी विकले, कोणाला? मामाला, साळ्याला, जुन्या सरांना. नातेवाईक संपले की माणूस संपला. मग ते म्हणायचे, 'तुझा माइंडसेट कमी पडतो.' ले-आउट गावापासून अकरा किलोमीटर, रस्त्याच्या जागी मुरमाच्या दोन रेघा, ते काही कमी पडत नव्हतं म्हणे.

मामा अजून बोलत नाही माझ्याशी. प्लॉट अजून तसाच आहे, दगड रोवलेला, मधे बाभूळ आली.

तर भाऊ, तुझा विचार कोण्या हॉलमधून आला असेल तर सांभाळ. स्वतःचा असेल तर माफ कर.

नवा_एजंट_यवतमाळ

सेतूवाले भाऊ, हॉलमध्ये मी कधी गेलो नाही. टाळ्या मला वाजवताही येत नाहीत नीट.

काका, वर्ग २ वर तुम्ही मला बरोबर पकडलं. सातबारा मी पाहिला होता, पण क्षेत्र आणि नाव एवढंच पाहिलं. घाई होती. पण असं धरा, त्या दिवशी मी खचून घरी बसलो असतो तर कागद वाचायला तरी कधी शिकलो असतो? आधी टिकणं, मग शिकणं.

कास्तकार_मेहकर

तुम्ही सारे दलाल दलाल बोलून राहिले, एक कास्तकाराचंही आयका.

आमच्या इकून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मदी नागपूर ते शिर्डी चालू झाला. त्याच्या आधी दोन वर्षं आन मंग दोन वर्षं आमच्या गावात दर रविवारी कोनी ना कोनी पांढरा शर्ट घालून येऊन राह्यला. सारे पॉझिटिव्ह. 'काका, इकू नका, भाव अजून वाढते.' दुसरा म्हने, 'काका, आत्ताच इका, गिऱ्हाईक माह्या खिशात हाये.' दोघंही हसतमुख. माह्या शेजाऱ्यानं एकाचं आयकलं. त्या पोट्ट्यानं पाच महिने 'होऊन जाईन काका, होऊन जाईन' म्हनत काढले. खोटारडा नव्हता थो, त्याले सवताले तसंच वाटे. शेजाऱ्यानं त्याच्या भरवशावर पोरीचं लगन ठरवलं, हॉल बुक केला, सोनाराले सांगतलं. गिऱ्हाईक आलंच नाही. मंग सावकाराजोळून घेतले पैसे. कापूस इकला तरी याज फिटलं नाही.

तुमी 'नाही' वहीत लिहता आन दुसऱ्या दिवशी दुसरं वावर पाह्यले जाता. आमाले दुसरं वावर नाही.

म्हनून म्हनतो, तुमची आशा तुमच्या खिशात ठिवा. आमच्या अंगनात आनू नका.

वर्धेची_ताई

दादा, हे वाचून गप्प बसले मी थोडा वेळ. बचत गटातल्या बायांना मी जे 'होईल' म्हणत होते ते माझ्या धंद्याबद्दल होतं, पण तसंच 'होईल' मी मालकांनाही म्हटलेलं आहे. सोपं असतं ते. समोरचा माणूस चहा ठेवतो, त्याला 'माहीत नाही' म्हणवत नाही.

जुना_दलाल

मेहकरवाल्यानं जे सांगतलं तेच मी सांगून राहिलो होतो, फक्त त्याले ते भोगावं लागलं. माह्या बापानं मले एकच नियम घालून देल्ला होता. इसाराचे पैसे मालकाच्या हातात पडेपर्यंत मालकासमोर भावाचा आकडा काढायचा नाही. विचारलं तरी नाही. लोक मले रडतोंड्या म्हणतात तालुक्यात. म्हणू दे. माह्या भरवशावर कोणी हॉल बुक नाही केला.

आता_सेतूवाला

काका, माझ्या त्या चौदा महिन्यांत तुम्ही कुठं होते.

नवा_एजंट_यवतमाळ

कास्तकार दादा, तुमचं रात्री दोनदा वाचलं. उत्तर नाही माझ्याजवळ. 'होऊन जाईल' मी पण म्हणतो. पुसदच्या ताईच्या भावांना तर मी रोज म्हणत होतो, आणि तिला एकदाही फोन केला नाही. माझा आनंदी चेहरा पाहून कोणाला वाटलंच नाही की तिला विचारायचं असतं.

तरी मी मूळ मतावरून पूर्ण हटत नाही. उमेद नसती तर तो सौदा मी त्या बाकावरच सोडून दिला असता. तिसऱ्या दिवशी मी वहीत त्या तारखेपुढचं 'नाही' खोडलं. का खोडलं ते तेव्हा कळलं नाही.

जुना_दलाल

खोडलं तं खोडलं. आता काय करतो ते सांग.

नवा_एजंट_यवतमाळ

उद्या सकाळच्या गाडीनं पुसदला जातो. सौद्याचं बोलणार नाही. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर कागदावर काढून नेतो, तेवढंच. मुलीचा हक्क मुलाएवढाच, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टच आहे. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. दोन भाऊ, एक बहीण, तीन हिस्से. पावणेसत्तेचाळीसच्या आत-बाहेर गुंठे येतात तिला. एकरी ९ लाखानं साडेदहा लाख. पुढं विकायचं का नाही ते तिनं पाहावं.

वर्धेची_ताई

हे आवडलं. भावांना सांगून जा मात्र. चोरून गेलास असं व्हायला नको, नाहीतर तुझ्यामुळे त्यांच्यात वाकडं येईल.

नवा_एजंट_यवतमाळ

थोरल्याला सांगितलं. खूप वेळ बोलला नाही, मग म्हणाला, जाय. धाकट्यानं फोन उचलला नाही.

कास्तकार_मेहकर

कागद देशीन तं आकडा पक्का दे. अंदाज नको देऊ बाईले.

जुना_दलाल

मेहकरवाला बरोबर बोलला. तुह्या आकडा चुकला. थोरला मॅनेजर आहे, म्हणजे बाप गेला हे कळलं, पण आई हयात आहे का?

नवा_एजंट_यवतमाळ

आहे. त्या दिवशी बाकावर पाण्याची बाटली धरून बसली होती ती आईच. भाऊ म्हणाले होते, तिचा अंगठा काय, घरचाच आहे. मी तिला मोजलंच नाही.

जुना_दलाल

मंग चार हिस्से. प्रत्येकी ३५ गुंठे. ९ लाखाच्या भावानं ७ लाख ८७ हजार ५००. आणि पुसदले जायच्या आधी म्हातारीकडे जा, तिलेही कागद दे. वाचता येत नसन तं वाचून दाखव.